मुलीचा मायनस नंबर वर्षभरात दुपटीच्या वर गेला, चष्मा सतत लावू द्यावा की नाही?

रेवाची_आई:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण प्लीज पूर्ण वाचा. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, चौथीत. गेल्या वर्षी बाईंनी डायरीत लिहून पाठवलं की फळ्यावरचं उतरवून घेताना डोळे बारीक करते, तपासून घ्या. आम्ही घराजवळच्या चष्म्याच्या दुकानात मशीनवर चेक केलं तर दोन्ही डोळ्यांना मायनस पाऊण निघाला आणि लगेच चष्मा केला. आता वर्षाने परत दाखवलं तर उजवा पावणेदोन आणि डावा दोन! माझ्या पोटात गोळाच आला, कारण मला स्वतःला साडेपाच नंबर आहे, हिच्या बाबांना चार, आणि माझाही असाच शाळेत असताना भराभर वाढत गेला होता.

घरात रोज वेगवेगळं ऐकायला मिळतंय. सासूबाई म्हणतात चष्म्यानेच डोळ्याला सवय लागते, फक्त शाळेपुरता लाव, घरी काढून ठेव, आणि मुलीच्या जातीला जाड भिंगाचा चष्मा म्हणजे पुढे लग्नाच्या वेळी प्रश्न येतात. नणंद म्हणते तिच्या ओळखीत एकाने मुद्दाम अर्धा नंबर कमी करून चष्मा दिला म्हणजे डोळ्याला कष्ट पडतात आणि नंबर थांबतो. शेजारच्या काकू रोज गाजराचा रस द्यायला सांगतात. हिचे बाबा म्हणतात मोबाईल बंद म्हणजे बंद. खरं तर ती मोबाईल फार बघत नाही, तिला वाचायचं वेड आहे, पलंगावर आडवी पडून पुस्तक अगदी नाकाला लावून वाचते, आणि शाळा, मग क्लास, मग कथक यात संध्याकाळी खाली खेळायला जाणं जवळजवळ बंदच झालंय.

कोणाच्या मुलांचं असं झालंय का, आणि नंबर वाढणं खरंच थांबवता येतं का की हे नशिबावरच सोडायचं? धाकटा साडेचार वर्षांचा आहे, त्याचीही आता काळजी वाटायला लागलीये.

ऑप्टोम_नाशिक:
ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, मुलांचे डोळे तपासण्याचंच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक विचारते, दोन्ही वेळेला थेंब घालून, बाहुली मोठी करून तपासलं होतं का? दुकानातल्या मशीनवर थेट तपासलं असेल तर तो नंबर पक्का धरू नका. लहान मुलांच्या डोळ्यातला फोकस करणारा स्नायू फार ताकदवान असतो, मशीनमध्ये बघताना तो आवळला जातो आणि मायनस नंबर आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. थेंबांनी तो स्नायू सैल पडला की खरा नंबर कळतो. त्या दिवशी मुलीला जवळचं धूसर दिसेल, उन्हाचा त्रास होईल, म्हणून अपॉइंटमेंट शनिवारी घ्या म्हणजे शाळा बुडणार नाही. हे डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच होतं, आणि लहान मुलांचे डोळे बघणारे डॉक्टर मिळाले तर फारच उत्तम. त्याच वेळी डोळ्याच्या आतला पडदाही (रेटिना) तपासून होतो.

आता सासूबाईंचं म्हणणं. चष्म्याने नंबर वाढत नाही. मायनस नंबर म्हणजे डोळा पुढून मागे जरा जास्त लांब झालेला असतो, त्यामुळे लांबच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर न पडता पडद्याच्या अलीकडे पडते. साधारण एक मिलीमीटर लांबी वाढली की अडीचच्या आसपास नंबर वाढतो. मूल वाढतंय तोवर डोळाही वाढत असतो, या मुलांचा तो गरजेपेक्षा जास्त लांबतो. पाय वाढला आणि बूट घट्ट झाला तर आपण बुटाला दोष देत नाही, तसंच हे आहे. चष्मा लावला काय आणि कपाटात ठेवला काय, वाढायचा तो वाढतोच, फक्त न लावल्यास पोर वर्षभर धूसर बघत बसते आणि अभ्यासात मागे पडते.

नणंदबाई म्हणतात ते कमी नंबर देण्याचं खरंच तपासून झालंय. मलेशियात ९४ मुलांवर अभ्यास झाला, २००२ साली छापून आला, अर्ध्या मुलांना पूर्ण नंबर आणि अर्ध्यांना मुद्दाम कमी नंबर. कमी दिलेल्यांचा नंबर उलट जास्त वेगाने वाढला. म्हणून पूर्ण नंबरचा चष्मा द्या आणि दिवसभर लावू द्या.

गाजर चांगलंच आहे, खाऊ द्या, पण त्याने मायनस नंबर कमी होत नाही. जीवनसत्त्व अ कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, बुबुळ खराब होतं, तो वेगळा आजार.

तुमच्या लिहिण्यातली मला सर्वात महत्त्वाची वाटली ती ओळ म्हणजे खेळायला जाणं बंद झालंय. त्यावर बाकीचेही लिहितीलच.

सिंगापूरकर_बाबा:
आम्ही मूळचे डोंबिवलीचे, गेली काही वर्षं सिंगापूरला आहोत आणि इथे हा विषय घरोघरी आहे कारण इथे वर्गात चष्मा नसलेली मुलं शोधावी लागतात. म्हणून मी यावर बरंच वाचलंय.

एक अभ्यास मला फार पटला. सहा-सात वर्षांची चिनी वंशाचीच मुलं, काही सिडनीत वाढणारी, काही सिंगापुरात. आईवडिलांना चष्मा असण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. सिडनीत १०० पैकी साधारण ३ मुलांना मायनस नंबर आणि सिंगापुरात २९. सिडनीची मुलं आठवड्याला जवळपास १४ तास घराबाहेर, इथली फक्त ३ तास. आणि गंमत म्हणजे सिडनीची मुलं पुस्तकं कमी वाचत होती असं नाही, उलट जास्तच वाचत होती. मग चीनमध्ये ग्वांगझूला १२ शाळा घेऊन प्रयोग केला, निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा एक तास मैदानात. तीन वर्षांनी मैदानवाल्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना नव्याने नंबर लागला आणि बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. तैवानने तर २०१० पासून सगळ्या शाळांना रोज दोन तास बाहेर असं सांगूनच ठेवलंय.

कारण उजेड. आपल्याला घरात लख्ख वाटतं पण ट्यूबलाईटच्या खोलीत ३००-५०० लक्स (उजेड मोजायचं माप) असतो आणि बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा हजारांत असतो. तेवढ्या उजेडात पडद्यामध्ये डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि ते डोळ्याची लांबी वाढणं आवरतं असं मानतात. म्हणजे फुटबॉलच खेळायला पाहिजे असं काही नाही, झाडाखाली बसून गप्पा मारल्या तरी चालतं, फक्त उन्हं उतरायच्या आत. सात वाजता अंधारात खाली पाठवून तो फायदा नाही मिळत.

तुमच्या धाकट्याला हे सगळ्यात जास्त उपयोगी आहे, कारण नंबर लागायच्या आधी बाहेरचा वेळ जास्त काम करतो. एकदा लागल्यावर वेग आवरायला त्याचा उपयोग कमी असतो, म्हणून मोठीला सोबत औषधही लागू शकतं. माझ्या मुलाला रोज झोपताना ॲट्रोपिनचा थेंब चालू आहे, इथे ते अगदी कॉमन आहे. भारतात मिळतं ना?

ऑप्टोम_नाशिक:
मिळतं दादा, आणि बरेच डॉक्टर देतात. ०.०१ टक्क्याचे थेंब, रोज रात्री एक. हाँगकाँगच्या अभ्यासात ०.०१, ०.०२५ आणि ०.०५ तिन्ही करून बघितले तेव्हा ०.०५ चा परिणाम सगळ्यात चांगला दिसला, त्यामुळे आता काही डॉक्टर गरज बघून त्याकडे वळतात. आहे तो नंबर यातून उतरत नाही, वाढायचा वेग कमी होतो, आणि साधारण दोन वर्षं तरी घालावे लागतात. काही मुलांना उन्हात डोळे दिपतात किंवा जवळचं जरा पुसट वाटतं, तेव्हा डॉक्टरांना सांगायचं.

एक गोष्ट मोठ्या अक्षरात वाचा. ॲट्रोपिन १ टक्क्याचंही येतं, ते याच्या शंभर पट तीव्र असतं, ते वेगळ्या कामासाठी आहे. मेडिकलमध्ये नुसतं ॲट्रोपिन द्या म्हणून मागू नका, चिठ्ठीवरची टक्केवारी आणि बाटलीवरची टक्केवारी दुकानातच उभं राहून जुळवून बघा. आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

याशिवाय नंबर वाढू नये म्हणून खास चष्म्याच्या काचा येतात, मधे पूर्ण नंबर आणि कडेने बारीक बारीक भिंगं. त्यांचा परिणाम चांगला आहे पण किंमत बरीच आहे आणि मुलांच्या काचा वर्षाला बदलाव्या लागतात, तो खर्च झेपत असेल तरच. नाही झेपला तर साधा पूर्ण नंबरचा चष्मा, थेंब आणि ऊन यावर नीट काम करता येतं, वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

योगप्रेमी_सातारा:
माझं मत वेगळं आहे. रोज सकाळी त्राटक, तळहात डोळ्यांवर ठेवणं, डोळे गोल फिरवणं हे सहा महिने केलं तर चष्मा सुटतो असं आमच्या वर्गात शिकवतात. औषधांच्या मागे लागण्याआधी हे करून बघायला काय हरकत आहे?

ऑप्टोम_नाशिक:
व्यायामाने डोळ्यांना आराम वाटतो, शीण जातो, ते करायला काहीच हरकत नाही. पण लांबलेला डोळा व्यायामाने आखूड होत नाही. माझी काळजी एवढीच की व्यायाम चालू आहे म्हणून चष्मा काढून ठेवला जातो आणि सहा-आठ महिने तपासणी लांबते. नंबर सहाच्या पुढे गेला की पुढे मोठेपणी पडदा सुटणं, काचबिंदू, पडद्याचा मधला भाग खराब होणं या सगळ्याचा धोका वाढतो, आणि पुढे लेझर करून चष्मा सुटला तरी डोळा लांब तो लांबच राहतो, म्हणजे हा धोका जात नाही. म्हणून या वयात वेग कमी करायला इतका जीव टाकायचा. आणि हो, तेजस्वी सूर्याकडे बघून त्राटक मुलांना कधीही करू देऊ नका, पडदा कायमचा भाजतो.

झेडपी_गुरुजी:
मी पालघर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. इथले प्रश्न तुमच्यापेक्षा वेगळे आहेत पण डोळे सगळ्यांच्याच मुलांचे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे मूल सांगत नाही की मला दिसत नाही, कारण त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. मग आम्हीच बघतो. शेजारच्याच्या वहीतून उतरवणारं पोर, मान वाकडी करून बघणारं, चेंडू झेलताना कायम चुकणारं, पहिल्या बाकावरून उठायला तयार नसलेलं. एक एक डोळा झाकून तपासणं फार महत्त्वाचं, आणि झाकताना तळहाताने झाका, बोटांनी झाकलं की फटीतून बघतात. दोन्ही डोळ्यांनी मिळून सगळं वाचतात आणि एक झाकला की वरची ओळसुद्धा दिसत नाही असं झालेलं मी पाहिलंय.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आमच्या पालघरमधूनच सुरू झाला, त्याचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. त्या दिवशी मुलगा गैरहजर राहू देऊ नका, चष्मा मोफत मिळतो, पुढचा उपचारही. आणि घरी पाच वर्षांखालचं मूल असेल तर जीवनसत्त्व अ चे डोस बघून घ्या, नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर पहिला, सोळा ते अठराव्या महिन्यात दुसरा, मग दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत, एकूण ९. संध्याकाळ झाली की मूल अडखळतं, ठेचकाळतं असं दिसलं तर लगेच दवाखान्यात न्या.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. तंबाखूबरोबरचा चुना. प्लास्टिकच्या पुडीत किंवा छोट्या ट्यूबमध्ये मिळतो, घरात खिडकीत, उशाशी पडलेला असतो, पोरं ती पुडी दाबतात, फुटते आणि चुना थेट डोळ्यात. चुना बुबुळ जाळत आत जात राहतो, डोळा कायमचा जाऊ शकतो. तसं झालं तर एक मिनिटसुद्धा गाडी शोधण्यात घालवू नका, तिथेच नळाखाली किंवा तांब्याने साधं पाणी सोडत राहा, निदान वीस मिनिटं, पापणी वर उचलून आतला चुन्याचा कण ओल्या स्वच्छ कापडाने काढा आणि मगच दवाखान्यात. दूध, तूप, मध, खोबरेल तेल काही घालू नका, डोळा चोळू देऊ नका. आजोबांना तंबाखू सोडायला लावणं आपल्या हातात नसेल पण चुन्याची डबी फळीवर उंच ठेवणं नक्की आहे. दसऱ्याला खेळातले धनुष्यबाण आणि दिवाळीला फटाक्यावर वाकून बघणं, ही डोळ्याला इजा होण्याची आणखी दोन कारणं.

मुक्ता_कोल्हापूर:
गुरुजी, एक एक डोळा झाकायचं तुम्ही लिहिलंत, माझ्या मुलाचं अगदी तेच. सहाव्या वर्षी शाळेच्या शिबिरात कळलं की डावा डोळा आळशी आहे. उजव्याला प्लस एक आणि डाव्याला प्लस साडेचार. बाहेरून काहीच दिसायचं नाही, तिरळेपणा नाही, पाणी नाही, लाली नाही. मेंदू धूसर डोळ्याकडे लक्ष देणंच सोडून देतो म्हणे.

आधी काही महिने फक्त चष्मा, त्यानेच बरंच सुधारलं, मग चांगल्या डोळ्यावर पट्टी रोज दोन तास. मला वाटलं होतं दिवसभर लावावी लागेल, पण डॉक्टरांनी सांगितलं की मध्यम आळशी डोळ्याला दोन तास आणि सहा तास यात फरक पडत नाही असं अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलंय. पट्टी चष्म्यावर नाही, कातडीवर चिकटवायची, नाहीतर पोरं कडेने बघतात. त्या दोन तासांत आम्ही मणी ओवणं, चित्र रंगवणं, तांदूळ निवडणं असली बारीक कामं द्यायचो, आजीच्या शेजारी बसून त्याने किती तांदूळ निवडलेत! सुरुवातीला रडायचा, मग पट्टीवर स्वतःच वाघाचे डोळे काढायला लागला. आता त्या डोळ्याने ६/९ पर्यंत, म्हणजे तक्ता जवळजवळ पूर्ण वाचतो. सात-आठ वर्षांच्या आत जेवढं लवकर तेवढं चांगलं, पण उशीर झाला म्हणून कोणी सोडून देऊ नका, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनाही फायदा झालेला आहे.

रेवाची_आई ताई, म्हणून धाकट्याचं तपासून घ्याच, तक्रार नसली तरी.

रेवाची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार, मी हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं आणि बूट घट्ट झाल्याचं वाक्य त्यांना पटलं! थेंब घालून तपासलं नव्हतं, आता लहान मुलांचे डोळे बघणाऱ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली आहे. क्लासची वेळ बदलून मागतेय म्हणजे पाच ते साडेसहा खाली जाता येईल, कथक आहेच.

अजून तीन शंका. एक, दुकानदार निळ्या प्रकाशाच्या काचा घ्या म्हणतोय, हजार रुपये जास्त. दोन, तिला सतत डोळे चोळायची सवय आहे, खाज येते म्हणते, त्यासाठी मेडिकलमधून थेंब आणले होते ते घातले की बरं वाटतं. तीन, धाकटा अजून अक्षरं ओळखत नाही, त्याला तपासणार कसं?

ऑप्टोम_नाशिक:
निळ्या काचा नकोत. २०२३ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून बघितले गेले, डोळ्यांचा शीण त्याने कमी होतो असं दिसलं नाही, आणि नंबर थांबवण्याशी तर त्याचा संबंधच नाही. ते हजार रुपये चांगल्या फ्रेमवर घाला जी नाकावरून घसरत नाही, कारण घसरलेल्या चष्म्याच्या वरून मुलं बघतात. वाचन बंद करू नका, फक्त बसून, कोपरापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर तेवढ्या लांब पुस्तक धरून आणि वीस-पंचवीस मिनिटांनी मान वर करून खिडकीबाहेर लांब बघायचं. झोपून वाचणं मात्र बंद, कारण पुस्तक आपोआप जवळ येतं.

चोळण्याचं मला जास्त गंभीर वाटतंय. ती बाटली आजच काढून नाव वाचा. पुष्कळ वेळा त्यात स्टेरॉइड असतं, दोन दिवसांत खाज जाते म्हणून लोक महिनोन्महिने घालत राहतात आणि मुलांना त्यातून काचबिंदू आणि मोतीबिंदू होतो, दुखत काहीच नाही म्हणून कळतही नाही. अपॉइंटमेंटला बाटली सोबत न्या, किती दिवस घातली ते स्पष्ट सांगा, डोळ्याचं प्रेशर तपासायला सांगा. ॲलर्जीसाठी सुरक्षित थेंब वेगळे असतात, ते डॉक्टर देतील. तोवर खाज आली की थंड पाण्याची घडी ठेवा. फार चोळल्याने बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येऊ शकतं आणि सिलिंडर नंबर वाढत जातो, म्हणून ही सवय मोडायलाच हवी. काजळही घालू नका, धाकट्यालासुद्धा नको.

धाकट्यासाठी अक्षरं यायची गरज नाही. चित्रांचा तक्ता असतो, किंवा इंग्रजी E वेगवेगळ्या दिशांना फिरवलेला तक्ता, त्याची तोंडं कुठे आहेत ते बोटांनी दाखवायचं, घरी चार दिवस खेळ म्हणून करून घेतलंत तर तिथे बुजणार नाही. आणि थेंब घातल्यावर तर डॉक्टर बॅटरीसारख्या यंत्राने डोळ्यावर उजेड मारून, मूल एक अक्षर न बोलता नंबर काढतात, सहा महिन्यांच्या बाळाचासुद्धा काढता येतो. तो वेळेआधी जन्मलेला असेल किंवा वजन दोन किलोच्या आत असेल तर तेही नक्की सांगा. मोबाईलवर फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल न दिसता पांढरी दिसते का तेही जुने फोटो काढून बघा, दिसली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी जायचं, कारण क्वचित का होईना पण त्यामागे डोळ्यातली गाठ असू शकते.

मोठीची पुढची तपासणी सहा महिन्यांनी, आणि शक्य झाल्यास डोळ्याची लांबी मोजणारं मशीन जिथे आहे अशाच ठिकाणी, म्हणजे थेंब काम करतायत की नाही ते मिलीमीटरमध्ये कळेल. जुन्या चष्म्याचा आणि आताच्या नंबरचा कागद जपून ठेवा.